ग्रुपमधलं तुझं नाव

३ फेब्रुवारी

प्रिय,

घरी सगळे मजेत आहेत असं लिहून सुरुवात करायची पद्धत आहे. पण घरी मी एकटाच आहे, आणि मजेत कोण असणार?

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही, कागद चालतो. म्हणून लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर बायकोला पहिलं पत्र लिहितोय. समुपदेशक बाई म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून लिहा. तिला काहीच ठाऊक नाही असं समजून लिहा. तुमच्या डोळ्यांना जे दिसलं तेवढंच, उपदेश नको. तर ऐक.

मला दिसलं ते असं. तू गणवेशाच्या कारखान्यात कापड कापायचीस. एका वेळी चाळीस थर, वर खडूची आखणी, आणि ती धडधडणारी उभी मशीन उजव्या खांद्यानं रेटायची. बारा वर्षं खांद्यानं ऐकलं, मग ऐकेना. ऑपरेशन झालं. दुखतंय म्हणून डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी म्हणाले, आता बंद करा. खांदा दुखायचा थांबला. गोळी थांबली नाही.

मला कळायला आठ महिने लागले. मला वाटायचं, दमतेस. नंतर तूच सांगितलंस. फोनवर मिळतात, चिठ्ठी लागत नाही, दुकानाची पायरी चढून कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. तू एकदा नुसतं ‘खांदेदुखी’ असं शोधलं होतंस. दुसऱ्या दिवसापासून फोनच तुला विचारायला लागला, अजून दुखतंय का? मी तसं विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

मग मी ओरडलो, तू रडलीस. तू तीनदा सोडलंस आणि तीनदा पुन्हा धरलंस. चौथ्या खेपेला तुला तो ग्रुप सापडला. तोही फोनवरच. तुझ्याखेरीज सात माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. रोज सकाळी सहाला प्रत्येकानं आपला दिवस लिहायचा. आज माझा दहावा. आज माझा दोनशे चौथा.

आणि ग्रुपमधला तो मास्तर. त्याचा आवाज मला पाठ आहे. तू गॅलरीत बसून ऐकायचीस आणि मी आत दाढी करत असायचो. “उठलात का मंडळी? दुखतंय? दुखू दे. ज्याचं दुखतं तो जिवंत.” आणि तू हसायचीस. तुझं ते हसू या घरात दीड वर्षानं ऐकू आलं, आणि ते दुसऱ्याच कुणाला तरी मिळत होतं. मी दोनदा गाल कापून घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. तुझे त्र्याण्णव दिवस झाले. मग त्या ग्रुपचं जे झालं ते झालं, आणि तेविसाव्या दिवशी, एकवीस जानेवारीला, मी न्हाणीघराची कडी तोडली.

नवी कडी बसवली आहे. ही बाहेरूनही उघडते.

तिथे पुरुषांचा विभाग वेगळा आहे ना? ताईला विचारलं, तर म्हणाली, “भाऊजी, माझी बहीण मरता मरता वाचली आणि तुम्हाला हे सुचतंय?” तुझ्या ताईला माझं काही सुचलेलं आवडत नाही, ते जाऊ दे. पण वेगळा आहे ना?

तुझाच,
मी

९ फेब्रुवारी

प्रिय,

काल तुला पाहिलं. बारीक झाली आहेस. केस मागे घट्ट बांधले होतेस, कारखान्यात बांधायचीस तसे. दहा मिनिटं बसलीस आणि मी आणलेल्या बिस्किटांकडे बघत राहिलीस. मी कामावरचं, लिफ्टदुरुस्तीचं सांगत होतो. त्या दहा मजली इमारतीत सातव्या आणि आठव्याच्या मध्ये एक वरातीएवढं कुटुंब अडकलं होतं, आणि वर पाटी ‘फक्त सहा माणसे’. तू ऐकत नव्हतीस. मध्येच म्हणालीस, “कुणाचं काही आलं होतं?”

मी म्हणालो, “कुणाचं?”

तू म्हणालीस, “काही नाही.”

मला कळलं होतं कुणाचं. मी एवढा भोळा नाही. सोळा वर्षांचा नवरा समोर बसलाय, दोन बस बदलून आलाय, आणि बाईसाहेब विचारतात, कुणाचं काही आलं होतं?

नाही आलं. लिहून देतो, कुणाचं काही आलं नाही.

तू आत गेल्यावर समुपदेशक बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, तू गोलात बसत नाहीस. रोज दहा वाजता सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बोलायचं असतं, आणि तू खिडकीपाशी पाठ करून उभी राहतेस. बाईंनी विचारलं तर म्हणालीस, “मी एकदा बसले होते एका गोलात. त्यांनी न सांगता मला बाहेर काढलं. मी काय केलं होतं तेही सांगितलं नाही.” बाई मला म्हणाल्या, “हिला एवढं कुणी तोडलंय? तुम्हाला काही कल्पना आहे का?”

मी म्हणालो, नाही.

हे बघ, फोनवरची माणसं फोनवरचीच असतात. बोट लावलं की येतात, बोट लावलं की जातात. मी तुला तेव्हाही सांगत होतो. त्यांच्यापायी इथल्या माणसांवर कशाला राग काढतेस? तू गोलात बसत जा. आणि नाहीच जमलं, तर बाईंशी बोल. माझ्याशी तरी बोल.

माझ्या जोडीच्या लंबूनं तुला नमस्कार सांगितलाय. तो हल्ली माझ्याबरोबर लिफ्टच्या मशीन-रूममध्ये चढत नाही, त्याचा गुडघा गेला. म्हणतो, “वहिनी आल्या की मी जेवायला येणार.” मी म्हटलं, आधी येऊ तर दे.

तुझाच,
मी

१३ फेब्रुवारी

प्रिय,

आज एक गोष्ट घडली. ती सांगायची तर आणखी एक सांगावी लागते, म्हणून सकाळपासून टाळत होतो. आता जेवणाची सुट्टी आहे. त्या कापडबाजाराच्या इमारतीत जिन्यावर बसून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. गुलाबाचं चित्र, खाली नाव ‘गुलाब साबण’. “नमस्कार सर. मॅडम बऱ्या आहेत ना? बरेच दिवस ऑर्डर नाही, काळजी वाटली. पुढची पहिली वडी आमच्याकडून भेट.”

वडी म्हणजे काय ते आता मला कळतं. लहान वडी म्हणजे एक पट्टी, मोठी म्हणजे तीन. चंदन म्हणजे झोपेच्या, गुलाब म्हणजे दुखण्याच्या. दवाखान्यातून तुझा फोन मला परत दिला तेव्हा मी त्यांचं सगळं पान वाचून काढलं. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत. एकीनं पाच तारे देऊन लिहिलंय, पॅकिंग सुंदर, वेळेच्या आधी पोचलं. कुणी भांडी घेतल्यावर लिहावं तसं.

आणि बारा जानेवारीला त्यांनी तुला लिहिलं होतं, “वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा, मॅडम. आज आमच्या खास गिऱ्हाइकांसाठी काहीतरी खास.” बारा जानेवारी. मी त्या दिवशी जुन्या लिफ्टचा दोर बदलत होतो. घरी आलो, जेवलो आणि झोपलो. तू काही बोलली नाहीस. तुला विष विकणाऱ्याला तुझा वाढदिवस लक्षात होता आणि मला नव्हता. हे वाचून मी आधी आरशात बघून स्वतःला दोन शिव्या दिल्या. तिसरी त्याला दिली.

त्यांच्याकडे माझा नंबर कसा गेला, हे तू विचारशील. तू पार्सलवर दुसरा नंबर म्हणून माझाच टाकला होतास. सोळा जानेवारीला पार्सलवाला आला तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. मी सही करून घेतलं. खोक्यावर गुलाब होतं. मी ते हलवून पाहिलं, वास घेतला. वास खरंच साबणाचा होता. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. कुणा पुरुषाकडून काही आलेलं नाही, बाईनं साबण मागवलाय. मी ते खोकं तुझ्या उशीवर नेऊन ठेवलं. बायकोला खूश करावं म्हणून.

पाच दिवसांनी एकवीस तारीख.

आज मेसेज आल्या आल्या कामावरून तडक ठाण्यात गेलो. संगणकाच्या टेबलावरच्या पोलीस बाईंनी सगळं उतरवून घेतलं, चांगल्या होत्या. म्हणाल्या, “काका, आम्ही हे पान बंद करू. दुपारपर्यंत मोगरा साबण म्हणून उघडेल.” मी विचारलं, मग पकडणार कुणाला? त्या म्हणाल्या, “पार्सलवाल्याला आत काय आहे ते माहीत नसतं. भरणाऱ्याला कुठे जातं ते माहीत नसतं. आणि विकणारा कुठल्या गावात बसलाय ते कुणालाच माहीत नसतं.” दवाखान्यानं उरलेल्या गोळ्या तपासायला दिल्या होत्या, त्याचाही कागद आलाय. पट्टीवर नाव तुझ्या डॉक्टरांच्याच गोळीचं, आत भलतंच. साच्यात घालून दाबलेलं. म्हणून एवढीशीच घेऊनही तू पडलीस.

मला तू सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, कुणी तुझ्या तोंडात कोंबत नाही ना? आता कळतं, मी तुझ्या उशीवरच नेऊन ठेवलं होतं.

सुट्टी संपली. खालून लंबू हाका मारतोय.

मी

१७ फेब्रुवारी

आज बाईंचा फोन आला. तू कागदावर सही केलीस म्हणे. तुला शनिवारी जायचंय. कुणी जबरदस्तीनं ठेवू शकत नाही, तुझी मर्जी. बाई म्हणाल्या, “ती आत्ता बाहेर पडली तर महिनाभरात काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. हिचा माणसांवरचा विश्वासच उडालाय. कुणीतरी ती गाठ सोडवा.”

ती गाठ मी मारली आहे.

मी हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही. बाईंना विनंती केली आहे की हे गुरुवारीच तुझ्या हातात द्या.

ग्रुपनं तुला काढलं नव्हतं. मी काढलं.

एकोणतीस डिसेंबर. सकाळ. तू गॅलरीत हसत होतीस, मग दूध आणायला खाली गेलीस आणि फोन ओट्यावर राहिला. तुझ्या फोनच्या कुलपाचा आकडा मला माहीत होता, बोटांवरून पाहिला होता. मी उघडलं. मला वाटलं होतं, काहीतरी सापडेल. म्हणजे सापडावं असंच वाटत होतं. सापडलं तर निदान मी बरोबर ठरलो असतो.

काही नव्हतं. तू लिहिलं होतंस, “आज त्र्याण्णव. काल औषधांच्या दुकानासमोरून गेले, पायरी चढले नाही.” खाली त्यानं लिहिलं होतं, “शाब्बास कात्री.”

कात्री. मला माहीतच नव्हतं की तुला तिथे कात्री म्हणतात. मी ते नाव चार-पाचदा वाचलं. किती बरोबर नाव होतं ते. मी तुला सोळा वर्षांत एकही लाडाचं नाव ठेवलं नाही, नावं मात्र भरपूर ठेवली. आणि एका माणसानं, ज्यानं तुला डोळ्यांनी पाहिलेलंही नाही, त्यानं ते ठेवलं, आणि तुला आवडलं.

मी तुझ्या नावानं लिहिलं, “मला आता तुम्हा लोकांची गरज नाही. माझी काळजी घ्यायला माझा नवरा समर्थ आहे. पुन्हा मला लिहू नका.” पाठवलं. मग ग्रुपमधून तुला बाहेर काढलं, सगळं पुसलं, सातही जणांना ब्लॉक केलं. मास्तरला पहिल्यांदा. नंतर यादीतली बाकीची पुरुषांची नावं बघितली. तुझा मुकादम, तुझा मावसभाऊ. त्या यादीत गुलाब साबणही होतं. तीन महिन्यांचे मेसेज, तू एकही उघडला नव्हतास. मी चित्र बघितलं, बाईमाणूस आहे म्हटलं, आणि सोडून दिलं.

तू दूध घेऊन आलीस. मी टोपात ओतून तापत ठेवलं.

संध्याकाळी तू मला विचारलंस, “अहो, तुम्ही माझ्या फोनला हात लावला होता का?” मी म्हणालो, “मला कुठे कळतंय त्यातलं?” तू म्हणालीस, “मला काढून टाकलं त्यांनी.” मोरीपाशी उभं राहून तू रडलीस, नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी चहा केला. तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, “मी आहे ना.”

आणि मला बरं वाटलं. हे लिहिल्याशिवाय बाकी सगळं लिहून उपयोग नाही. तू रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतंस.

मग मी कामाला लागलो. ‘मी आहे ना’ म्हणणारा माणूस रोज सकाळी सातला लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता. तू एकदा म्हणाली होतीस, “लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी तुम्ही दाराच्या फटीतून किती गोड बोलता. घाबरू नका, हवा येतेय, मी इथेच आहे. घरात का नाही बोलत तसं?” मी म्हणालो होतो, तू कुठे अडकली आहेस? ते तेवीस दिवस तू अडकली होतीस. तुझ्याशी बोलायला दुसरं कुणी राहू नये म्हणून मीच बंदोबस्त केला होता, आणि मीही बोललो नाही.

ती सात माणसं तुझी वाट बघत असतील. निदान तुला टाकून ती गेलेली नाहीत. एवढं कळल्यावर तरी तू गोलात बस. मला जी शिक्षा करायची ती नंतर कर.

मी

२० फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण बाईंनी निरोप दिला की शनिवारचा कागद तू मागे घेतलास. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काल मी मास्तरला भेटून आलो.

तुझ्या फोनमधून त्याचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून फोन केला. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, “ती आहे ना?” मी म्हणालो, आहे. तेव्हा त्यानं श्वास सोडला. तो आवाज ऐकून मला पुन्हा चीड आली, लपवत नाही. माझी बायको आहे की नाही याची धास्ती ह्याला का?

बसनं चार तास लागले. मास्तर म्हणजे मला वाटलं होतं शाळेतला असेल, धोतर नाही तरी चष्मा असेल. तो गाडी शिकवतो. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, डोक्यावर भरपूर केस. तेवढे तरी नसते तर मला जरा सोपं गेलं असतं. डावा पाय ओढत चालतो. अपघात, मग दुखणं, मग त्याच गोळ्या. तुझ्यासारखंच.

“शिकवणी चालू आहे,” म्हणाला, “मागे बसा.” पुढे एक पन्नाशीच्या बाई चाक धरून बसल्या होत्या. चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मागे सरकली, तिन्ही वेळा मी डोळे मिटले. तो एकदाही चढ्या आवाजात बोलला नाही. “काही झालं नाही. पुन्हा. घाई कुणाला आहे?” हाच तो आवाज. मी मागच्या सीटवर बसून विचार करत होतो, हा माझ्या घरी असता तर माझीही गाडी कदाचित चढली असती.

बाई गेल्यावर आम्ही गाडीतच बसलो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला तेव्हाच शंका आली होती. कात्री ‘समर्थ’ असा शब्द वापरत नाही. पण आमचा नियम आहे, जाणाऱ्याला अडवायचं नाही. तरी मी दुसऱ्या दोन नंबरांवरून लिहिलं.”

“तेही मी तिच्या आधी बघून बंद केले,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “मी यायला हवं होतं. पत्ता ठाऊक नव्हता, पण काढता आला असता. मी नियमाच्या आड बसलो.” त्यानं तुझ्या पडण्यातला आपला वाटा असा उचलून घेतला, आणि माझा वाटा त्यामुळे काही कमी झाला नाही.

मी विचारलं, ह्या फोनचं करायचं काय? फोडून टाकू? तो म्हणाला, “त्याच फोनमधून तो साबणवाला येतो आणि त्याच फोनमधून आम्ही येतो. तो दिवसरात्र जागा असतो. म्हणून आमच्यातलं कुणीतरी एक पाळीनं जागं असतं. फोडाल तर दोघंही जाऊ. तो परत येईल, आम्हाला पत्ता सापडणार नाही.”

मग ज्यासाठी गेलो होतो ते विचारलं. “तुमचं तिच्यावर काही...”

“आहे,” तो म्हणाला. “थोडं आहे. तुम्ही चार तास बसून आलात, खोटं कशाला बोलू?”

माझे हात मांडीवर होते, तिथेच राहिले.

“तिला सांगितलंय?”

“नाही. सांगणारही नाही. ती उभी राहतेय, तिच्या हातात आणखी एक ओझं कशाला देऊ? ते माझं मी बघतो.” वर म्हणाला, “तुम्ही तुमचं बघा.”

हे मी तुला का सांगतोय? त्यानं सांगणार नाही म्हटलं आणि मी सांगून मोकळा झालो. बहुतेक, तुझ्यापासून काही लपवून ठेवलं की माझ्या हातून काय होतं ते मी पाहिलंय. किंवा तुला हे माझ्याकडून कळावं, त्याच्याकडून नको, हेही असेल. दोन्ही असेल.

त्यानं तुला पत्र दिलंय, सोबत जोडतोय. पाकीट उघडंच होतं, असं लिहिणार होतो. चिकटवलेलं होतं. बसमध्ये मी ते फोडलं. अकरा ओळी आहेत. कात्री हे नाव दोनदा आलंय. प्रेमाचं एक अक्षर नाही. सगळे तुझी वाट बघतायत, दिवस पुन्हा एकपासून मोजायला लाज वाटू देऊ नकोस, एवढंच आहे. मी तीनदा वाचलं आणि नव्या पाकिटात घातलं.

मला त्याचा राग येतो. तो येतच राहील, असं दिसतं. तू फोन परत घेशील तेव्हा सातही जण त्यात असतील. मी आज सकाळी एकेकाला सोडवलं, मास्तरला शेवटी. तुझा आकडाही बदल. मला सांगू नकोस.

मी

२४ फेब्रुवारी

अहो,

तुमची पाचही पत्रं माझ्यापाशी आहेत. पहिली दोन मी वाचलीच नव्हती. गुरुवारी बाईंनी चौथं हातात दिलं आणि म्हणाल्या, हे माझ्यासमोर बसून वाच. मी वाचलं. मग खिडकीपाशी गेले आणि एवढ्या जोरात शिवी दिली की खालचा माळी वर बघायला लागला. ती तुम्हाला होती.

त्र्याण्णव दिवस, हो. तुम्हाला कल्पना नाही ते काय असतं. मी ते एकेक करून कापडासारखे रचले होते. तुम्ही एका सकाळी, दूध येईपर्यंत, सगळे उसवलेत. आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवलात. मला तो हात रात्रंदिवस आठवतो. गोळी मी माझ्या हातानं घेतली, त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. इथे तेच शिकवतात. पण त्या हाताबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करीन असंही आज सांगता येत नाही.

त्याच दिवशी दहा वाजता मी खुर्ची ओढून गोलात बसले. बाई म्हणाल्या, काही बोलायचंय? मी तुमचं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. तुम्हाला बरं वाटलं तेही. मग आमच्यातल्या एक आजी आहेत, त्यांच्या झोपेच्या गोळ्या नातवाच्या फोनवरून यायच्या, त्या कागदात डोकावून म्हणाल्या, “मेल्याचं अक्षर मात्र सुरेख आहे.” सगळे हसले. मग मलाही हसू फुटलं, आणि त्याच्यामागून रडू. दोन्ही आवरता येईना. पण मी उठून गेले नाही.

इथली मुदत पुरी करणार आहे. नंतर आधी ताईकडे राहीन. घरी यायचं की नाही ते तिथून ठरवीन. तोवर कुणी मला समजवायला यायचं नाही. ताईलाही तसं लिहिलंय, कारण ती उलट समजावते.

मास्तरचं पत्र वाचलं. तुम्ही जे त्याच्याबद्दल लिहिलंत, तेही वाचलं. ते तुम्ही सांगायला नको होतं, ते त्याचं होतं. पण आता सांगितलंत. मी त्याला उत्तर लिहिलंय, कालच्या टपालानं गेलं. त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगणार नाही. त्यापायी तुमची झोप उडेल, मला माहीत आहे. उडू दे.

या रविवारी येऊ नका. पुढच्या रविवारी या, दहाचा गोल सुटल्यावर. येताना माझा निळा स्वेटर आणा, कपाटात वरच्या फळीवर आहे. इथे सकाळी गार वाटतं.